सडा ओसाड नसतो

वनरक्षण म्हटले की डोळ्यांसमोर गर्द अरण्य उभे राहते. परंतु महाराष्ट्राच्या दुर्मीळ वनस्पतींपैकी अनेक वृक्षांच्या छायेत नव्हे, तर सह्याद्रीच्या उघड्या सड्यांवर आणि कड्यांच्या कपारींत नांदतात. शिवनेरी, पुरंदर यांसारख्या दुर्गांच्या कड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर आढळत नाही. सातारा परिसरातील सड्यांवरच्या डबक्यांत वाढणाऱ्या वायतुऱ्याची शास्त्रीय नोंद तर १९८२ साली झाली. पावसाळा सरताच त्याचा कंद मातीत निद्रिस्त होतो आणि सडा ओसाड भासू लागतो.

येथेच घात होतो. वैशाखात पाहणाऱ्याला सडा पडीक वाटतो. मग तेथे जांभ्याची खाण निघते, रस्ता होतो. कधी सद्भावनेने बाहेरची माती टाकून वृक्षारोपणही केले जाते. वृक्षांची सावली पडली की उघड्या उन्हात वाढणाऱ्या इवल्या वनस्पती नाहीशा होतात. हेतू शुद्ध असूनही हानी कुऱ्हाडीइतकीच!

म्हणून रक्षणाची पहिली पायरी म्हणजे ओळख. महत्त्वाची वनस्पतिक्षेत्रे निश्चित करण्यासाठी जगभर तीन कसोट्या मानल्या जातात: संकटग्रस्त जातींचे अस्तित्व, वनस्पतींची समृद्धी आणि संकटग्रस्त अधिवास. कास पठाराची ओळख पटली. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत त्याचा समावेश झाला. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही, अशा सड्यांचे काय?

सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल याचे उत्तर देते. देवराई म्हणून गावाने श्रद्धेने राखलेले हे स्थान पुढे शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. श्रद्धेने जपले, शास्त्राने ओळखले, कायद्याने कवच दिले.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ही नोंदवही कपाटात पडून राहता कामा नये. गावाच्या सड्यावर श्रावण-भाद्रपदात काय उगवते, हे गुराखी जाणतो, वैदू जाणतो. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांच्या साहाय्याने ते ज्ञान नोंदवहीत उतरले पाहिजे. वृक्षारोपणाची जागा निवडणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यानेही ती जागा आधी एक पावसाळा पाहावी. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी तिची लेकरे नावानिशी ओळखावीत, हे पहिले कर्तव्य होय.