रात्री पाणी किती पिता?



अध्यक्षाने आपल्या शाखेतल्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मधुमेहाची नवी औषधं आणि थायरॉइड यांवर उद्या स्वतंत्र सत्रं आहेत, तो भाग मी तिथल्या वक्त्यांवर सोपवतो. मला बोलायचं आहे ते पिट्युटरीत पसरलेल्या कर्करोगाबद्दल. अनेक वर्षं हे मनात साचलं आहे, आणि हे व्यासपीठ पुन्हा मिळणार नाही.

‘असा रुग्ण दिसतोच कुठे?’ हा प्रश्न मला ठाऊक आहे. लुडविग बेंजामिन यांनी 1857 मध्ये मेलानोमाच्या रुग्णाच्या शवविच्छेदनात हा प्रकार प्रथम नोंदवला. कर्करोगाने गेलेल्यांच्या शवविच्छेदनांत तो सर्वसाधारणपणे शंभरात एक ते चार जणांमध्ये आढळत आला आहे. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा वाटा त्यात सर्वांत मोठा. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही, हे मान्य. पण ज्यांना होतो त्यांचा त्रास आपण कोणत्या खात्यात टाकतो? ‘केमोचा अशक्तपणा’, ‘आजार वाढलाय’, ‘आता असंच चालायचं’. माझी तक्रार या तीन वाक्यांविरुद्ध आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या एक बाई होत्या. आजार हाडांत पोचला होता, केमो सुरू होती. सुनेने सांगितलं, ‘डॉक्टर, आत्याबाई रात्रभर पाणी पितात. उशाशी कळशी ठेवावी लागते.’ साखर पुन्हापुन्हा तपासली होती, दर वेळी नॉर्मल. घरच्यांनी औषधांची उष्णता म्हणून सब्जा आणि ताक सुरू केलं होतं, आणि जिथे उपचार चालू होते तिथेही कोणी त्यापलीकडे गेलं नव्हतं. त्या सुनेनेच एक गोष्ट बरोबर टिपली होती: केमोनंतरचे चार-पाच दिवस तहान फार वाढते, मग कमी होते, आणि कमी झाली की बाई नुसत्या पडून राहतात, जेवत नाहीत, ओकतात. मित्रहो, या एका वाक्यात अख्खं निदान होतं. कॉर्टिसॉल कमी असेल तर मूत्रपिंड पाणी नीट बाहेर टाकत नाही, त्यामुळे डायबेटिस इन्सिपिडस झाकलेला राहतो. केमोबरोबर डेक्सामेथासोन दिलं की झाकण उघडतं आणि लघवी सुटते. डेक्सा थांबलं की लघवी आटते आणि माणूस गळून जातो. पिट्युटरीचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग गेले होते. हे कोणत्याही यंत्राच्या आधी घरातल्या माणसाला दिसलं होतं. फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

मागच्या भागावर हा रोग आधी का जातो, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी रक्तवाहिन्यांचा नकाशा काढावा लागतो. मागच्या भागाला धमनीचं रक्त थेट मिळतं. पुढच्या भागाला ते मुख्यतः हायपोथॅलॅमसकडून पोर्टल वाहिन्यांतून, फिरून येतं. रक्तातून वाहत आलेल्या पेशी पहिल्यांदा मागे अडकतात. उलट पिट्युटरीच्या साध्या गाठीत, म्हणजे ॲडिनोमात, शस्त्रक्रियेपूर्वी डायबेटिस इन्सिपिडस जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पिट्युटरीत गाठ आणि दिवसाला तीन लिटरच्या वर पाण्यासारखी लघवी असं जोडीने दिसलं की ‘ॲडिनोमा’ हा शब्द कागदावर लिहायचा नाही. माझ्याकडे एक गृहस्थ ॲडिनोमा म्हणून आले होते. प्रोलॅक्टिन थोडं वाढलेलं, म्हणून कॅबरगोलिनही चालू होतं. पिट्युटरीचा देठ दाबला गेला तरी प्रोलॅक्टिन इतपत वाढतं. काही आठवड्यांतच त्यांना एकाचे दोन दिसू लागले होते. ॲडिनोमाला इतकी घाई नसते. छातीचा साधा एक्स-रे काढला, फुप्फुसात गाठ होती. कर्करोगाची पहिली खूण त्यांना तहानेने दिली होती.

आता कॉर्टिसॉल. केमोत स्टिरॉइड दिलेलं असतं, मग सकाळी आठच्या कॉर्टिसॉलला अर्थ काय, असा वाद आपल्या परिषदांतून रंगतो. मी तो अनेकदा ऐकला आहे. डेक्साने अ‍ॅड्रिनल निजवली असो की पिट्युटरी रोगाने गेली असो, तीनच्या खाली कॉर्टिसॉल असलेल्या माणसाला त्या क्षणी एकच गोष्ट हवी असते: हायड्रोकॉर्टिसोन. कारण नंतर शोधा. तालुक्याच्या गावी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी मिळाली नाही तर प्रेडनिसोलोनवर भागतं, आणि तिची किंमत या सभागृहाबाहेरच्या चहापेक्षा जास्त नाही. आणखी एक, आणि हे मी आवाज चढवून सांगणार आहे: थायरॉक्सिन आधी नाही! आधी स्टिरॉइड, मग थायरॉक्सिन. थायरॉइड कमी दिसलं म्हणून थायरॉक्सिन सुरू केलेले आणि आठवड्याभरात रक्तदाब पडून स्ट्रेचरवरून आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. स्टिरॉइड सुरू झाल्यावर लघवी वाढली की नातेवाईक घाबरून गोळी बंद करू पाहतात. त्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि डेस्मोप्रेसिन हाताशी ठेवा. ते देताना सोडियमवर नजर हवी.

एमआरआयबद्दल रेडिओलॉजीच्या मित्रांशी माझं जुनं भांडण आहे. मेंदूत रोग पसरला आहे का हे पाहताना जाड काप घेतात आणि सेला त्यातून निसटते. ‘मेंदूत काही नाही’ असा रिपोर्ट वाचून सगळे निश्चिंत होतात. बारीक काप घेतले असते तर मागच्या भागाचा नेहमीचा पांढरा ठिपका नाहीसा झालेला, देठ जाडावलेला, गाठ डमरूसारखी मध्ये आवळलेली दिसली असती. पण त्यासाठी मागणीपत्रावर ‘तहान’ लिहावं लागतं, आणि ते लिहिण्याचं काम आपलं आहे. इम्युनोथेरपी आल्यापासून एक नवी अडचण झाली आहे. इपिलिमुमॅबसारख्या औषधांनीही पिट्युटरी सुजते. तिथेही लघवीच वाट दाखवते, कारण त्या सुजेत डायबेटिस इन्सिपिडस क्वचित होतो.

शस्त्रक्रिया की रेडिओसर्जरी, यावर मी फार वेळ घालवणार नाही. गाठ दृष्टीच्या मज्जातंतूला भिडली असेल तर एका बैठकीत पुरेसं रेडिएशन देता येत नाही. एका निवृत्त शिक्षकांची नजर दिवसागणिक जात होती. ‘मूळ रोग पसरलेला आहे, आता नाकातून शस्त्रक्रिया कशाला?’ असं त्यांना एका ठिकाणी सांगण्यात आलं. दुसऱ्या शल्यचिकित्सकाने ती केली. अशा गाठी कडक आणि रक्ताळ असतात, पूर्ण निघत नाहीत, तशी तीही निघाली नाही. पण दाब उतरला. ते गेले, पण शेवटपर्यंत स्वतः वर्तमानपत्र वाचत होते. अशा रुग्णांचं आयुष्य बहुधा महिन्यांत मोजलं जातं, हे मला माहीत आहे. ते मूळ रोगावर अवलंबून असतं आणि आता फुप्फुसाच्या काही प्रकारांत गोळ्यांनीही पिट्युटरीतली गाठ ओसरल्याच्या नोंदी आहेत. पण महिनेच उरले आहेत म्हणून तपासायचं नाही, हा हिशेब मला कधीच कळला नाही. उरलेले महिने ओकण्यात आणि रात्रभर मोरीच्या वाऱ्या करण्यात का जावेत?

दुखणं असं आहे की ही ग्रंथी कोणाचीच नाही. कर्करोगतज्ज्ञ मेंदूवाल्यांकडे पाठवतात, ते आमच्याकडे, आम्ही म्हणतो आधी बायोप्सी आणा. या फेऱ्यांत कॉर्टिसॉल तपासायचं राहून जातं. अर्ध्या ग्रॅमच्या ग्रंथीसाठी तीन विभागांच्या ओपीडीत रांगा लावणारी माणसं बैलगाडी, एसटी करून आलेली असतात.

पुढची कामं थोडक्यात सांगतो. राज्यातल्या अशा रुग्णांची एक सामाईक नोंदवही करावी, तिचं स्वरूप कार्यकारिणी ठरवेल. स्टिरॉइड घेणाऱ्यांसाठी मराठीत खिशात मावणारं कार्ड छापावं. आणि केमो वॉर्डाच्या केसपेपरवर, वजन आणि रक्तदाबाच्या शेजारी, रात्रीच्या पाण्यासाठी एक रकाना वाढवावा. त्याचा मसुदा मी आणला आहे. ज्यांच्या रुग्णालयात तो उद्यापासून वापरता येईल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून प्रत घेऊन जावी.