घरातले आवाज
(कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली येथील भाषणाचा मजकूर)



वसमत तालुक्याला भूगर्भातून येणारे आवाज नवे नाहीत. पांगरा शिंदे आणि परिसरातील गावांनी ते वर्षानुवर्षे ऐकले आहेत. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्याचे हादरे नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा वेळी माणसे घराबाहेर येतात, शेजाऱ्याची विचारपूस करतात, तहसील कार्यालयास कळवितात. जमीन गुरगुरली, हे सांगण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. परंतु घराच्या आत जे हादरत असते, ते मात्र उंबरठा ओलांडून बाहेर येत नाही.

जुलै २०२२ मध्ये आसना नदीच्या पुराचे पाणी कुरुंदा गावात शिरले. अशा आपत्तीनंतर पडलेल्या भिंती मोजल्या जातात; भिजलेले धान्य, दगावलेली जनावरे, खरडून गेलेली जमीन, सारे काही कागदावर येते. ते आवश्यकच आहे. मात्र पंचनाम्यात मनाचा रकाना नसतो. पुन्हा ढग दाटून आले की ज्या गृहिणीची झोप उडते, तिची नोंद कोणी करावयाची? तो रकाना शेजाऱ्याने, शिक्षकाने आणि पंचायत सदस्याने भरावयाचा असतो.

हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात जाईपर्यंत शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब अडकलेला असतो. भाव घसरला वा सोयाबीन पावसात सापडले, तर कर्जाचा आकडा वाढतो. हा आकडा तो पत्नीला सांगत नाही; तिला तो एखाद्या दिवशी परक्याच्या तोंडून कळतो. एखादी माउली पतीचे व्यसन लपविते, एखादी लेक सासरचा जाच गिळून माहेरी हसत येते, एखादा विद्यार्थी वर्गात उत्तरे देणे एकाएकी थांबवितो. ‘चार लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने सारे गप्प होतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो खरे. पण मुठीत निखारा असेल तर भाजतो तो आपलाच हात. काही घरांत हे मौन आत्महत्येपर्यंत जाते. तिचे कारण एकटे कधीच नसते. कर्ज, नापिकी, आजार, व्यसन, तंटे यांची गुंतागुंत असते, आणि त्यावर न बोलण्याची गाठ बसलेली असते.

मराठी माणूस पूर्वीपासून अबोल होता, असे मात्र नाही. घरोघरी जाते होते, आणि जात्यावर पहाटे ओवी होती. सासरचे कष्ट, माहेरची ओढ, लेकीची काळजी हे सारे स्त्रियांनी दळता दळता सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंना दळणकांडणाच्या कष्टांत विठ्ठलच ऐकणारा भेटला. पुढे विजेची गिरणी आली आणि स्त्रियांचे श्रम वाचले. हे इष्टच झाले. परंतु दळणाबरोबर मन हलके करण्याची जागाही गेली. ती जागा पुन्हा निर्माण करणे, हेच आजचे काम आहे.

ती कशी निर्माण होते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने दाखवून दिले. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथांविरुद्ध त्या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला. कोविडच्या साथीत अनेक घरांतील कर्ते पुरुष गेले होते. विधवेचे जे दुःख माजघरात कोंडले होते, ते प्रथमच गावाच्या चर्चेचा विषय झाले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून हा कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. ठरावाने प्रथा एका दिवसात सुटत नाही. परंतु ज्या विषयावर गाव बोलले, तो विषय मग एकट्या घराचा राहत नाही.

कायदाही आता या बाजूस उभा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा न करता तिची काळजी घ्यावी, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यांत हिंगोली जिल्हा होता. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविण्यास फारसा खर्च येत नाही.

तथापि क्रमांक लावण्याआधी कोणीतरी विचारावे लागते. आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार नव्याने मनात शिरेल, ही समजूत चुकीची आहे. आपुलकीने विचारल्यास मनुष्य बहुधा मोकळा होतो. मात्र विचारणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये, ऐकलेले चावडीवर नेऊ नये, आणि धोका दिसल्यास त्या व्यक्तीस एकटे न सोडता आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करावी. शिक्षकाने गप्प झालेल्या मुलाच्या घरी एक फेरी मारावी. सरपंचांनी महिला ग्रामसभा केवळ सह्यांपुरती न ठेवता तेथे स्त्रियांना बोलू द्यावे. वसुलीसाठी अथवा पंचनाम्यासाठी दारात गेलेल्या कर्मचाऱ्याने कागद मिटण्यापूर्वी ‘घरात सर्व ठीक आहे ना?’ एवढे विचारून उत्तरासाठी क्षणभर थांबावे.

जमिनीचा आवाज ऐकताच कुरुंदा परिसरातील माणसे एकमेकांच्या दारी धावतात. घराघरांतील आवाजासाठीही त्यांनी तसेच धावावे, एवढीच अपेक्षा आहे.