नित्यकर्मातील अवधान



ध्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मृगाजिन आणि मिटलेले नेत्र येतात. पाली भाषेतील सतिपट्ठान सुत्तात मात्र चालणे, जेवणे, चीवर पांघरणे, इतकेच काय, मलमूत्रविसर्जनही जाणीवपूर्वक करावयास सांगितले आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात. खरी कसोटी लागते ती अकराव्या दिवशी, कचेरीत.

तल्लीनता म्हणजे अवधान नव्हे. गोरोबाकाका नामात रंगून चिखल तुडवीत होते आणि पायाखाली पोटचे मूल आले, अशी कथा आहे. भक्तीचा महिमा म्हणून आपण ती ऐकतो. मला मात्र ती ऐकताना धडकी भरते. आमच्या पायाखालीही माणसे असतात. सही करताना मन दुपारच्या बैठकीत असेल, तर एका चुकलेल्या अंकापायी एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन महिनोन्महिने अडते.

म्हणून फाईल उघडण्यापूर्वी मी एक श्वास येताना-जाताना पाहतो, अर्जदाराचे नाव मनाशी वाचतो, मगच टिप्पणीकडे वळतो. याला ध्यान म्हणणे शास्त्रीमंडळींना रुचणार नाही, न रुचो. चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात दूरध्वनी खणखणलाच, तर तो थोडा वाजू देतो.