जिव्या सोमा मशे : परंपरेच्या शाळेतला चित्रकार

(वरसावे येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण आज ज्या वरसाव्यात जमलो आहोत, तेथून मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे जातो. चारोटीला महामार्ग सोडून डहाणूच्या वाटेला लागले की गंजाड येते. गंजाडच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे या थोर चित्रकाराने आपले आयुष्य व्यतीत केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सारा मुलूख आणि आपले वरसावे एकाच ठाणे जिल्ह्यात होते. आपल्या दक्षिणेला असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतही वारली पाडे आहेतच. तेव्हा मशे यांच्याविषयी बोलणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याविषयी बोलणे होय.

मशे यांचा जन्म १९३४ च्या सुमारास तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहानपणीच आई गेली. त्या आघाताने या मुलाची वाचाच बंद झाली. मनातले सांगायचे झाले की तो धुळीत बोटाने चित्र काढी. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात ते कधी गेले नाहीत. कलासमीक्षक त्यांना 'स्वयंशिक्षित' म्हणतात ते यामुळेच. शब्द खोटा नाही. पण अपुरा आहे. कलाशाळेत न गेलेला माणूस अशिक्षितच असणार, त्याला गुरू नसणारच, असे त्यात गृहीत धरले जाते. मला आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

वारल्यांचे घर कुडाचे. कारवीच्या काठ्यांवर माती आणि शेणाचा लेप दिलेला, त्यावर गेरू. घरात लग्न निघाले की सवाशिणी तांदळाच्या पिठात पाणी कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने त्या भिंतीवर चौक लिहितात. वारली भाषेत चित्र 'लिहितात', हे लक्षात घेण्याजोगे आहे. चौकात पालघट देवी असते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. शेजारच्या देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी गाणी म्हणते आणि देवतांना पाचारण करते. आपल्या दारातली रांगोळी, विवाहप्रसंगीचा पूर्णकलश आणि हा चौक यांचे नाते सांगण्यासाठी कुणा विद्वानाची आवश्यकता नाही. नगरवासी आणि वनवासी यांच्या संस्कारांचा झरा एकच असल्याची ही लख्ख खूण आहे.

हीच मशे यांची शाळा. माणूस दोन त्रिकोणांचा, सूर्य-चंद्र वर्तुळाचे, देवीचे स्थान चौकोनात, ही बाराखडी त्यांना या भिंतींनी दिली. ती गिरवणाऱ्या आणि जपणाऱ्या होत्या स्त्रिया. मशे यांचे वेगळेपण असे की, स्त्रियांच्या हाती असलेली ही विद्या त्यांनी पुरुष असून आत्मसात केली आणि लग्नाची वाट न पाहता ते नित्य चित्रे काढू लागले. चौकाच्या चौकटीबाहेर त्यांनी शेतीची कामे आणली, मासेमारी आणली, मुंग्यांची रांग आणली, तारप्याच्या तालावर फेर धरणारी माणसे आणली. पाण्यात पसरलेले मासेमारीचे जाळे त्यांनी असंख्य सूक्ष्म रेषांनी विणले. ते चित्र पाहताना जाळे हलते आहे असे वाटते. माणूस, पाखरू, पाने, किडा-मुंगी सारे एकाच लयीत चाललेले आहे, ही त्यांची दृष्टी. आपले तत्त्वज्ञान जे चराचराच्या एकत्वाविषयी सांगते, ते या अक्षरशत्रू म्हणवल्या गेलेल्या माणसाने शेणाने सारवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांनी मांडले.

या गुणाची पारख केली ती भास्कर कुलकर्णी या मराठी माणसाने. साठच्या दशकातील दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठविले होते. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरविले तर त्यातून घर चालू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले होते. पुढे डहाणूच्या पाड्यांवर त्यांनी कागद आणि रंग नेले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशे यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्राने भरविलेल्या जागतिक प्रदर्शनात ती झळकली. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कृतींबरोबर ती मांडली गेली. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री लाभली. मे २०१८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. एवढे सारे होऊनही त्यांनी पाडा सोडला नाही. सदाशिव आणि बाळू या पुत्रांनीही तीच वाट धरली.

आता आजची स्थिती पाहा. साडी, चहाचा पेला, हॉटेलची भिंत, उड्डाणपुलाचा खांब, सर्वत्र 'वारली' दिसते. पण ते कुणी काढले, हे कुठेही लिहिलेले नसते. पूर्वी भिंतीवरच्या चौकाला सही नव्हती, कारण तो देवाचा होता. आज यंत्रावर छापल्या जाणाऱ्या नक्षीला सही नाही, कारण ती छापणाऱ्याला कलावंताचे देणे द्यायचे नाही. या दोन अनामिकतांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही समाधानाची गोष्ट. परंतु ग्राहक जागा झाल्याशिवाय कायद्याचा कागद कपाटातच राहतो.

दुसरी चिंता अधिक खोल आहे. कुडाच्या जागी सिमेंटची भिंत येत आहे. पक्के घर वारल्यांनाही हवेच. ते नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण चौक लिहिणारी सवाशीण आणि गाणारी धवलेरी यांची विद्या पुढच्या मुलीकडे गेली नाही, तर ही शाळाच बंद पडेल. मग कागदावर नक्षी उरेल. तिच्यामागची पालघट उरणार नाही.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. वारली चित्र विकत घ्याल तेव्हा चित्रकाराचे नाव विचारा आणि पैसे त्याच्या हाती द्या. आपल्या मुलांच्या शाळेत वारली शिकवायची असेल तर पुस्तकातून गिरवून घेऊ नका. पाड्यावरच्या आजीला सन्मानाने बोलवा, खुर्चीवर बसवा आणि मुलांना तिला 'गुरुजी' म्हणायला शिकवा. जिव्या सोमा मशे यांना खरी आदरांजली तीच ठरेल.