महाद्वारापाशी सहाशे नऊ वर्षे



सामाजिक विषमता हा विषय निघाला की वक्ते बहुधा फ्रान्सची राज्यक्रांती, अमेरिकेतील गुलामगिरी किंवा दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद यांपासून आरंभ करतात. मोहोळमध्ये एवढे दूर जाण्याचे कारण नाही. येथून नैर्ऋत्येकडे चाळीसएक किलोमीटरवर पंढरपूर आहे आणि आग्नेयेकडे त्याहून थोड्या कमी अंतरावर सोलापूर. एका वाटेवर एक दार होते आणि दुसऱ्या वाटेवर एक तारेचे कुंपण होते. दोन्ही वाटांनी मोहोळकरांची ये-जा पिढ्यान् पिढ्या चालू होती.

दाराची कथा मंगळवेढ्यात सुरू होते. या एका गावाने महाराष्ट्राला एकाहून अधिक संत दिले. इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडलेल्या मजुरांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या, त्या विठ्ठलनाम उच्चारीत होत्या, असे परंपरा सांगते. त्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधण्यात आली. जिवंतपणी ज्या दारापर्यंतच जाता येत होते, मृत्यूनंतरही त्या दारापाशीच जागा मिळाली. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा हे सारे अभंग रचणारे. एकाच घरात पाच संतकवी होण्याचे भाग्य फार थोड्या कुळांना लाभले असेल. परंतु त्या कुळाला गाभारा कधी दिसला नाही.

मंगळवेढ्याचे दुसरे संत दामाजीपंत. पंधराव्या शतकातील दुष्काळात त्यांनी बहामनी राजवटीची धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. त्यांच्यावर संकट आले तेव्हा साक्षात पांडुरंगाने महाराचे रूप घेतले आणि बेदरच्या दरबारात धान्याची किंमत चुकती केली, ही कथा कीर्तनातून घरोघर पोहोचली. विठू महार दरबारात येऊन जोहार करतो, त्या प्रसंगाला श्रोत्यांचे डोळे भरून येत. डोळे भरून आलेले ते श्रोते खोटे रडत नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. पण त्याच कीर्तनाला आलेला गावचा महार मांडवाच्या बाहेर, अंतर राखून बसलेला असे. देवाने महाराचे रूप घेतलेले चाले. महाराने देवाच्या दारात पाऊल टाकलेले चालत नसे. या दोन गोष्टींमध्ये काही विसंगती आहे, हे कित्येक शतके कोणाला खटकलेही नाही.

येथे क्रौर्य हा शब्द पुरेसा पडत नाही. क्रूर माणसाला निदान समोरचा माणूस दिसत असतो. या समाजाला चोखोबा संत म्हणून दिसले आणि त्यांची जात मात्र दिसेनाशी झाली. त्यांचे जातभाई जातीने दिसले आणि माणूस म्हणून दिसेनासे झाले. चोखोबांना अपवाद ठरविल्यामुळे नियम मोडण्याची गरजच उरली नाही. वारकरी संतांनी चंद्रभागेच्या वाळवंटात सर्वांना एकमेकांच्या पाया पडायला शिकविले, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु समाजाने त्यातून सोयीस्कर वाटणी काढली : समता वाळवंटात, विषमता देवळात आणि गावी परतल्यावर आपापल्या आळीत.

या वाटणीला धक्का देणारा माणूस क्रांतिकारकाच्या रूढ साच्यातला नव्हता. 'श्यामची आई'च्या रूपाने साने गुरुजी मध्यमवर्गीय मराठी घरांत केव्हाच जाऊन पोहोचले होते. १९४६ च्या कार्तिकी एकादशीपासून विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण करण्याचा निश्चय त्यांनी जाहीर केला. सेनापती बापटांच्या आग्रहावरून ते सहा महिने पुढे ढकलले आणि गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. गावोगावच्या विहिरी व मंदिरे या दौऱ्यात खुली झाली. पंढरपुरात मात्र त्यांना उपोषणाला बसण्यासाठी जागा मिळेना. ज्यांच्या घरी त्यांचे पुस्तक वाचून मुले हुंदके देत होती, तेच समाजमन लेखकाला ओसरी द्यायला तयार नव्हते. अखेर तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. वारकऱ्याच्याच मठात हे उपोषण व्हावे, याला अर्थ आहे. बदलाचा आवाज परंपरेच्या बाहेरून आला नव्हता.

१ मे १९४७ रोजी उपोषण सुरू झाले. स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आले होते, देश फाळणीच्या सावटाखाली होता. उपोषण सोडावे अशी तार खुद्द गांधीजींनी केली; त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती पोहोचली होती. गांधीजींना गुरू मानणाऱ्या साने गुरुजींना त्या तारेने किती यातना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. ते हटले नाहीत. सनातनी मंडळी त्यांना भीमेपार घालविण्याच्या घोषणा देत होती. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे मंडळींनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. १३३८ ते १९४७. महाद्वारासमोरच्या समाधीपासून आतल्या विटेपर्यंतची ती काही पावले चालायला सहाशे नऊ वर्षे लागली.

प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी देवाचे तेज घागरीत काढून घेण्यात आले, अशी एक कथा पंढरपूरच्या संदर्भात सांगितली जाते. देव बाटू नये म्हणून देवालाच देवळाबाहेर काढणारी ही बुद्धी! चोखोबा तर बाहेर होतेच. आता त्यांच्या सोबतीला पांडुरंगही आला म्हणायचा.

ज्यांच्यासाठी दार उघडले, त्यांतील अनेकांची मने तोवर त्या दारावरून उडाली होती. पत्नी रमाबाईंची पंढरीच्या दर्शनाची इच्छा डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुरवू शकले नाहीत, कारण दर्शन पायरीवरूनच घ्यावे लागले असते. रमाबाई १९३५ मध्ये गेल्या. त्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. तरीही बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळा आहेत. त्यांचे भांडण चोखोबांशी नव्हते. चोखोबांचे अभंग गाऊन चोखोबांच्या वस्तीकडे पाठ फिरविणाऱ्यांशी होते. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्या अशिक्षित परीटाला जे कळले ते शास्त्र्या-पंडितांना कळले नाही.

दार उघडले म्हणजे चूल एक झाली असे नव्हे. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील वारीवरच्या लेखात हेच टिपले आहे : दिंडीत एकत्र गाणाऱ्या बायका जेवायच्या वेळी जातीजातीने वेगळ्या होत. विठ्ठलाच्या पूजेचे वंशपरंपरागत अधिकार संपायला तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ मधील निर्णय यावा लागला. त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पूजेसाठी अर्ज मागविले.

आता सोलापूरची वाट. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरविले. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा जमातींची माणसे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. त्यांची रोज हजेरी होई आणि कापडगिरण्यांना त्यांतून मजूर मिळत. कायदा परक्यांचा होता हे खरे. पण तो येथे इतका सहज रुजला, याचे कारण जन्मावरून माणसाची किंमत करण्याची सवय येथे आधीपासूनच होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा हे लोक स्वतंत्र झाले नाहीत. त्यांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ रोजी झाली, पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. या उशिराबद्दल कोणी मोर्चा काढल्याचे शहराच्या स्मरणात नाही.

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पारधी व अन्य भटक्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह उभे केले. २०२१ मध्ये प्रभुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक घरांत समाधान व्यक्त झाले. त्या घरांपैकी किती घरांनी पारध्याला भाड्याने खोली दिली असती, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. दामाजीपंतांची गोष्ट ऐकून डोळे पुसणाऱ्यांचे वंशज अजून पुष्कळ आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा हे शब्द सरकारी कागदावरून जायचे ठरले. वस्त्यांच्या जागा जिथे होत्या तिथेच आहेत. सोलापुरात तर तारेबाहेर राहण्याची मुभा ज्यांना मिळाली, त्यांची वसाहत 'फ्री कॉलनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. तार गेली, नाव टिकले. मोहोळहून सकाळच्या गाडीने सोलापूरच्या कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत जाणाऱ्यांना 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता चांगला ठाऊक असतो. रिक्षावाल्याला तो नुसता सांगितला की पुरते.