लोकरी कोट कसा पारखावा?

(पुणे शहरातील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



बैल विकत घेताना आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला, तरी पारख केल्याशिवाय आपण दोर हातात घेत नाही. मग कोट घेताना ही पारख कुठे जाते? दुकानदार म्हणतो, "एकदम भारी माल आहे." आपण मान डोलावतो, आरशात एकदा पाहतो आणि पैसे मोजतो.

लोकरी कोट ही काही रोजची खरेदी नव्हे. मुलाचे लग्न ठरते, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे येते, तेव्हा आपण पुण्यात येतो. लक्ष्मी रोडवर हिंडतो. कुणी तयार कोट घेतो, कुणी कापड घेऊन शिंप्याकडे टाकतो. त्यासाठी दुधाचे, कांद्याचे पैसे बाजूला ठेवलेले असतात. कधी उसनेही घेतलेले असतात. असा पैसा खर्च करायचा, तर त्याचे मोल पदरात पडायला हवे. म्हणून आज तीन गोष्टी सांगतो. कापड, बेत आणि शिलाई.

लोकर तुमच्या ओळखीची आहे

कोट शहरातला असला, तरी लोकर काही तुम्हाला परकी नाही. तुमच्या घरात घोंगडी आहे ना? ती आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची. धनगर मेंढ्या पाळतात, लोकर कातरतात. तिचे सूत काढतात. त्याला चिंचोक्याची खळ देतात आणि मागावर घोंगडी विणतात. ती थंडीत ऊब देते, पावसाच्या भुरभुरीत पाणी चटकन आत शिरू देत नाही.

कोटाची लोकरही मेंढीचीच. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. कोटाच्या कापडाला बारीक लोकर लागते. ती बहुतेक मेरिनो जातीच्या मेंढीची असते. या मेंढ्या ऑस्ट्रेलियात फार मोठ्या संख्येने पाळतात. आपल्याकडच्या गिरण्या तिकडून लोकर आणवतात. मेरिनोचा तंतू माणसाच्या केसाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका बारीक असतो. म्हणून ते कापड अंगाला टोचत नाही.

गुण मात्र दोन्हींचा एकच. १०० भार लोकर जवळजवळ ३० भार ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओलीचिंब लागत नाही. घाम आला तरी लोकर अंगाला चिकटत नाही, ती यामुळेच.

कापड कसे पाहावे?

आधी कापड हातात घ्या. चार बोटे आणि अंगठा यांत धरून चोळा. पोत कसा आहे? लोकर मऊ असते, पण बुळबुळीत नसते. मग उजेडासमोर धरा. वीण एकसारखी दाट दिसली पाहिजे. कुठे दाट, कुठे विरळ असेल, तर ते कापड लवकर झिजते.

आता कापड मुठीत आवळा. दहा आकडे मोजा आणि सोडा. लोकर फुलून पूर्ववत होते. सुरकुत्या तशाच राहिल्या, तर त्यात सूत किंवा तसलाच दुसरा धागा जास्त आहे. पण पॉलिएस्टरही चुरगळत नाही, हे ध्यानात ठेवा. म्हणून मुठीची परीक्षा एकटी पुरत नाही.

पक्की परीक्षा विस्तवाची. दुकानदाराकडून कापडाचे चार धागे मागून घ्या. घरी ते चिमट्यात धरा, खाली लोखंडी ताटली ठेवा आणि काडी लावा. जवळ मुले नकोत, दुसरे कापडही नको. लोकर हळू जळते आणि काडी दूर केली की बहुधा विझते. केस जळल्यासारखा वास येतो, कारण लोकर म्हणजे केसच. राख बोटांनी चुरली जाते. पॉलिएस्टर वितळते, काळा धूर सोडते आणि गार झाल्यावर त्याचा कडक मणी बनतो. वास केसाचा आणि मणीही झाला, तर ते मिश्र कापड समजावे. परीक्षा कापड बेतण्यापूर्वी करा. कात्री लागल्यावर कुणी परत घेत नाही.

मिश्र कापड घेणे काही वाईट नाही. ते स्वस्त असते आणि टिकतेही. पण मिश्र कापडाला शुद्ध लोकरीचा भाव देऊ नये.

आता तुम्हाला अक्षरे आणि आकडे वाचता येतात. तर कोटाच्या आत शिवलेली चिठ्ठी वाचा. कापडाचा काठ वाचा. मजकूर इंग्रजी असला तर जाणत्याकडून वाचून घ्या, आकडे मात्र स्वतः पाहा. लोकरीपुढे १०० टक्के आहे, की ४५ आहे, की २० आहे?

इथे एक फसगत होते, ती समजून घ्या. काठावर कधी "सुपर १००" किंवा "सुपर १२०" असे छापलेले असते. पुष्कळांना वाटते, १०० म्हणजे शंभर टक्के लोकर. तसे नाही. हा आकडा लोकर किती बारीक आहे ते सांगतो. आकडा मोठा, तितका तंतू बारीक. बारीक तंतूचे कापड मऊ असते, पण नाजूकही असते. रोज घालायचा कोट असेल, तर मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका.

लोकरीची एक खूणही आहे. सुताच्या गुंडीसारखे पट्ट्यापट्ट्यांचे चित्र असते. त्याला वूलमार्क म्हणतात. ही खूण १९६४ साली सुरू झाली. शुद्ध लोकरीची खूण वेगळी, मिश्र लोकरीची वेगळी. म्हणून नुसते चित्र पाहून थांबू नका, खालची अक्षरेही वाचा.

कापड विकत घेत असाल, तर पन्हा मोजा. कोटाच्या कापडाचा पन्हा बहुधा १५० सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्या पन्ह्याचे साधारण दोन मीटर कापड मध्यम बांध्याच्या माणसाला पुरते. पन्हा लहान असेल तर कापड जास्त लागेल. शिंप्याला आधी विचारा, मगच कापड फाडून घ्या.

अंगाला बसतो का?

कोट घालून पाहताना आत सदरा घाला. आणि पहिल्याने खांदा पाहा. आपल्या खांद्याचे हाड जिथे संपते, तिथे कोटाची खांद्याची शिवण संपली पाहिजे. एक सोपी युक्ती सांगतो. भिंतीजवळ आडवे उभे राहा आणि दंड भिंतीला टेकवा. दंडाच्या आधी कोटाचा खांदा भिंतीला लागून चेपला, तर खांदा मोठा आहे.

खांदाच आधी का? कारण बाही आखूड करता येते, कंबर थोडी आवळता येते. पण खांदा बदलायचा तर बाही, मुंढा आणि कॉलर सगळे उसवावे लागते. त्याची मजुरी परवडत नाही. दुकानदार म्हणेल, "खांदा करून देऊ." तुम्ही म्हणा, "दुसरा दाखवा."

मग मानेमागे पाहा. कॉलर सदऱ्याच्या कॉलरला लागून बसली पाहिजे. मधे फट नको. सदऱ्याची कॉलर मागून बोटभर वर दिसावी.

आता बटण लावा. बटणापाशी फुलीसारख्या चुण्या पडल्या, तर कोट घट्ट आहे. बटणाच्या आत आपली मूठ जेमतेम मावली, म्हणजे बरोबर. पाठीवर आडव्या चुण्या पडल्या तर घट्ट. उभा झोळ पडला तर ढगळ.

बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी आणि सदऱ्याची बाही थोडी खाली दिसावी. कोटाची लांबी बैठक झाकेल इतकी असावी. शेवटी दोन्ही हात पुढे करा, नमस्कार करा, खाली बसा. लग्नात नवरा काही खांबासारखा उभा राहत नाही. त्याला पाटावर बसायचे असते, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे असते. तिथे काखेत कोट ओढला, तर दिवसभर जीव मेटाकुटीला येईल.

"वाढत्या अंगाचा घ्या, पुढे होईल," असे आपण म्हणतो. शाळेतल्या पोराचे ठीक. पंचवीस वर्षांच्या मुलाचा खांदा आता वाढायचा नाही.

कोट उलटा करा

कोटाचा खरा भाव आतल्या बाजूला कळतो. म्हणून कोट उलटा करून पाहाच.

शिवणीत माया ठेवली आहे का? माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जास्तीचे कापड. पुढे अंग सुटले, तर तेवढे उसवून कोट सैल करता येतो. पाठीच्या आणि बगलेच्या शिवणीत दोन बोटे माया असेल, तर शिंपी जाणता आहे. माया नसेल, तर आज बसणारा कोट दोन वर्षांनी पेटीत पडेल.

अस्तर पाहा. पाठीमागे अस्तराला मधोमध एक चुणी हवी. हात हलवताना ती सुटते आणि अस्तर फाटत नाही. काजाचे टाके दाट हवेत. बटण कापडाला आवळून शिवलेले नको, त्याखाली दोऱ्याची छोटी दांडी हवी. कापड चौकटीचे असेल, तर खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला जुळली पाहिजे.

आणि छाती. कोटाच्या छातीत बाहेरचे कापड आणि आतले कापड यांच्या मधे एक थर असतो. त्याने छातीला आकार येतो. चांगल्या कोटात हा थर टाक्यांनी बसवतात. स्वस्त कोटात तो गरम इस्त्रीने डिंकासारखा चिकटवतात. ओळखायचे कसे? खालच्या बटणाजवळ बाहेरचे कापड एका हाताच्या चिमटीत धरा, आतले दुसऱ्या हाताच्या चिमटीत, आणि दोन्ही हळूच दूर करा. मधे तिसरा थर सुटा लागला, तर टाक्यांचा कोट. सुटा थर लागला नाही आणि बाहेरचे कापड कडक वाटले, तर चिकटवलेला.

चिकटवलेला कोट टाकाऊ असतो असे नाही. काम चांगले असेल तर तो वर्षानुवर्षे चालतो. पण काम कच्चे असेल तर काय होते, ते ऐका.

पुरंदर तालुक्यातले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे. मुलाच्या लग्नासाठी त्यांनी कोट घेतला. शुद्ध लोकर, असे सांगून दुकानदाराने भारी किंमत लावली. वरातीत अवकाळी पाऊस आला. कोट भिजला. वाळल्यावर छातीवर फोडांसारखे फुगे आले. आतला डिंक सुटला होता. बापलेक कोट घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मी लोकर म्हटलेच नव्हते." पावती काढली. तिच्यावर एवढेच होते: "कोट, १ नग." त्या गृहस्थांना तेव्हा वाचता येत नव्हते. कोटासाठी घेतलेले उसने मात्र पुढे वर्षभर फेडावे लागले.

पावती म्हणजे तुमचा साक्षीदार

म्हणून पावती मागा. तिच्यावर "शुद्ध लोकर" किंवा "लोकर इतके टक्के" असे लिहून घ्या. लिहायला दुकानदार कां कू करू लागला, तर काय ते समजा. शिंप्याकडे शिवायला टाकलात, तर पावतीवर कापड किती मीटर दिले, मजुरी किती ठरली, ट्रायल कधी आणि कोट कधी मिळणार, हे लिहून घ्या. कच्च्या शिलाईवर एकदा अंगावर घालून पाहिल्याशिवाय पक्की शिलाई करू देऊ नका. उरलेले तुकडे मागून घ्या. पुढे कुठे भोक पडले, तर रफू करायला त्याचेच धागे उपयोगी पडतात.

यातही फसवणूक झाली, तर गप्प बसू नका. ग्राहकांनी संघटित व्हावे म्हणून ग्राहक पंचायतीची चळवळ याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केली. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ साली त्या जागी नवा कायदा आला. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो. पण तिथे पहिला प्रश्न हाच येतो, "पावती आहे का?"

कोट जपावा कसा?

घोंगडी गरम पाण्यात धुऊन चोळली तर काय होते? ती आटते आणि घट्ट होते. कोटाचेही तेच. म्हणून कोट घरी धुऊ नका. घातल्यावर मऊ ब्रशने झाडा आणि वाऱ्यावर सावलीत टांगा. टांगायला रुंद खांद्याची लाकडी पट्टी घ्या, खिळ्याला अडकवू नका. इस्त्री करताना वर ओलसर सुती फडके ठेवा. ठेवून देण्यापूर्वी डाग काढून घ्या, कारण घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर लवकर लागते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून उघडून झटका.

शेवटी एक गोष्ट

१८८८ साली पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. भारी पोशाखांची गर्दी होती. त्या मेजवानीला महात्मा जोतीराव फुले गेले, ते शेतकऱ्याच्या वेषात, अंगावर घोंगडी घेऊन. खेड्यातली रयत कशी राहते, हे पाहुण्याला कळावे म्हणून. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटका शिवलेला कोट घालत. ज्यांना पिढ्यान्पिढ्या चांगले वस्त्र नाकारले गेले, त्यांना त्या कोटातून धीर मिळाला. एकाने घोंगडी घेतली, एकाने कोट घातला. दोघांनीही समजून उमजून घातले.

तेव्हा मंडळी, कोट घ्यायचा तर लाजून किंवा भिडेपोटी घेऊ नका. दुकानात घाई करू नका. चोळून पाहा, उलटा करून पाहा, चिठ्ठी वाचा, पावती वाचा. न पटले तर "राम राम" म्हणून खाली उतरा. शेजारी दुसरे दुकान आहेच.