वळूची परीक्षा आपल्याच गोठ्यात

मी मनीषनगरातून बोलतेय. इथं आता फ्लॅटच फ्लॅट. आमचा गोठा गावाकडे, जाऊबाईंच्या हाती. चार वर्षांमागं तिथं एक कालवड पहिल्यांदा व्याली. आई दहा लिटरची, लेक सहावरच अडली. खुराक वाढवला, औषधं केली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "हिचा बाप कोण?" गाय भरवली त्या दिवशीच्या कांडीवरचा वळूचा नंबर कोणीच लिहिला नव्हता.

वळू काही दूध देत नाही. त्याच्या आईच्या दुधावरून अंदाज बांधतात, पण खरी परीक्षा त्याच्या लेकींच्या दुधावर होते. आणि इथं शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. लेकीत निम्मे गुण आईचे. शिवाय चारा, पाणी, गोठा घरोघरी वेगळा. म्हणून एका वळूच्या पुष्कळ लेकी, पुष्कळ गावांत, आणि त्याच गावातल्या दुसऱ्या वळूंच्या लेकींशी ताडून पाहाव्या लागतात.

वेळ किती लागतो बघा. गाय भरवली की नऊ महिन्यांनी वासरू. त्यात निम्मे गोऱ्हेच. कालवड व्यायला तीनेक वर्षं. मग दहा महिने, दर महिन्याला एक दिवस, सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं. निकाल हाती येईतो वळू सहा-सात वर्षांचा होतो. त्याचं रेत मात्र उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टिकून असतं.

रेताचा धंदा करणाऱ्यांची ओढाताण इथंच. गाई मोजक्या. थोड्या लेकींवर निकाल दिला, तर नशिबाचा वळू पहिला येतो. थोडेच वळू तपासले, तर निवडायला उरतं काय? माझं मत विचाराल तर नोंदी कच्च्या असतील तिथं लेकी जास्तच हव्यात.

मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ उभी केली. गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारात नेणाऱ्यांत ही संस्था पुढं होती. दारात आलेल्या कांडीचा निकाल दारातच लागायचा, म्हणजे तुमच्या-माझ्या बादलीत. मोजणारा आला की आपण अर्धा लिटर वाढवून सांगतो, गाय विकताना भाव यावा म्हणून. कोणी त्या दिवशी जास्तीची ढेप घालते. कोणी कालवडच विकून टाकते, मग त्या वळूची एक लेक हिशेबातून गेली. असा चुकीचा पास झालेला वळू पुढं हजारो गोठ्यांत पोचतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या वाशीमला 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली. वासराच्या रक्तावरून लहानपणीच अंदाज येतो, वर्षं वाचतात. पण त्या चिपचा अंदाज बसवायलाही खऱ्या गाईंच्या खऱ्या नोंदीच लागतात.

जाऊबाईंनी आता गोठ्यात कॅलेंडर टांगलंय. गाय भरवली की तारीख, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर आणि कांडीवरचा वळूचा नंबर, तिथल्या तिथं. रिकामी कांडीही त्या मागून घेतात. पहिल्या वेळी देणारा हसला होता. आता तो स्वतःच हातात देतो.